‘ल’ची साक्ष : कलकत्ता, मराठी आणि भाषेच्या नात्याचा प्रश्न

कोलकात्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या कानावर पहिल्या काही दिवसांतच एक ओळखीचे क्रियापद पडते. स्थानकावरून गाडी निघून गेली की बंगाली माणूस म्हणतो, ‘गाडी चोले गॅलो’. मराठी कान त्यातले ‘गॅलो’ तत्काळ पकडतो आणि क्षणभर चकतोही. कारण मराठीत ‘गेलो’ म्हणणारा स्वतः गेलेला असतो, आणि गाडी गेली तर ती ‘गेली’च असावी लागते. ओळख पटते, पण लिंग जुळत नाही आणि पुरुषही जुळत नाही. अधिक विचार केल्यावर दुसरी गोष्ट जाणवते. महाराष्ट्राला लागून असलेल्या हिंदीत ‘गया’ आहे, गुजरातीत ‘गयो’ आहे. तेथे हा ‘ल’ नाही. शेजारच्या घरी नसलेली वस्तू दूर पूर्वेला, बंगाली, असमिया, ओडिया, भोजपुरी या भाषांच्या घरी सापडावी, हे आश्चर्य आहे. हा ‘ल’ कोठून आला आणि तो कोणत्या नात्याची साक्ष देतो, हा प्रश्न वरवर अगदी लहान वाटतो. परंतु भाषा म्हणजे काय, ती कशाची बनलेली असते आणि ती एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, हे भाषाविज्ञानाचे प्राथमिक प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात.

आजच्या संदर्भात या प्रश्नाला थोडी धारही आली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. मराठीच्या बाबतीत हा प्रदीर्घ प्रतीक्षेचा शेवट होता, प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समिती २०१२ मध्ये नेमली गेली होती. मात्र या निमित्ताने कोणती भाषा किती जुनी, कोणती कोणाची कन्या आणि कोणती कोणाची भगिनी, अशी विधाने सभासंमेलनांतून सर्रास होऊ लागली आहेत. भाषांना वय आणि कूळ असते असे ज्या सहजतेने म्हटले जाते, ती सहजता तपासून पाहण्यास ‘गेला’ आणि ‘गॅलो’ ही जोडी पुरेशी आहे.

दोन भाषांचे नाते सांगताना सामान्यतः शब्दांच्या याद्या पुढे केल्या जातात. मराठी आणि बंगाली यांच्या समान शब्दांची यादी करावयाची म्हटली तर ती फार लांबेल. पण तिचा उपयोग थोडाच होईल. त्यातील बहुसंख्य शब्द तत्सम असतील, म्हणजे दोन्हीकडच्या पंडितांनी संस्कृतातून वेळोवेळी उचललेले असतील. उसनी आणलेली भांडी दोन घरांत सारखी असली म्हणून ती घरे भाऊबंदांची ठरत नाहीत. शिवाय शब्द एकच असला तरी अर्थ एकच राहतो असेही नाही. मराठी मुलाला ‘शिक्षा’ झाली तर तो रडतो; बंगाली मुलाला ‘शिक्खा’ मिळते ती शाळेत, आणि आईवडील त्यासाठी पैसे मोजतात. बंगालीत ‘चेष्टा’ करणारा मनापासून प्रयत्न करीत असतो. मराठीत चेष्टा करणारा दुसऱ्याची थट्टा करीत असतो. शब्द आणि अर्थ यांच्यातील संबंध निसर्गाने घालून दिलेला नसून समाजाने मान्य केलेला संकेत आहे, हे फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांतून (ती त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूप झाली) विसाव्या शतकाने शिकलेले तत्त्व या दोन शब्दांत पुरेसे स्पष्ट होते.

याच तत्त्वाचे एक अधिक कडवट उदाहरण खुद्द मराठ्यांनी बंगालला दिले आहे. मराठी सैन्यात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा फारसी शब्द मराठीत केवळ नोकरीचा प्रकार सांगतो. १७४१ नंतरच्या दशकात नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या, आणि त्या लुटीच्या आठवणीत ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला. बंगाली आया मुलांना झोपविताना ज्याची भीती घालीत, तो हा बर्गी. त्याच भीतीपोटी १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणण्यास सुरुवात झाली. तो कधी पुरा झाला नाही आणि मराठे कलकत्त्यावर चालूनही आले नाहीत, पण ‘मराठा डिच’ हे नाव शहराच्या नकाशावर राहिले. फारसीतून मराठीत आणि मराठ्यांबरोबर बंगालीत गेलेला हा शब्द इतिहासाचा उत्तम साक्षीदार आहे, मात्र भाषांच्या नात्याबद्दल तो काहीही सांगत नाही. शब्द घोड्यावर बसून येतात. प्रत्यय क्वचितच येतात.

नात्याचा शोध तत्सम शब्दांत न करता झिजलेल्या शब्दांत करावा लागतो. संस्कृत ‘हस्त’ हा शब्द सर्वत्र तसाच लिहिता येतो, म्हणून तो मुका आहे. त्याचे प्राकृतात ‘हत्थ’ झाले आणि त्यापासून हिंदीत ‘हाथ’, तर मराठीत आणि बंगालीत ‘हात’ झाला. जोडाक्षरातील एक व्यंजन गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. हाच नियम ‘कर्ण’–‘कण्ण’–‘कान’ येथे, ‘सप्त’–‘सत्त’–‘सात’ येथे लागू पडतो. उच्चारातील बदल एकेका शब्दापुरता नसून तो नियमाने होतो, या शोधावर ऐतिहासिक भाषाविज्ञान उभे आहे. मराठीत ‘हात’ म्हणताना आपण एखादा नियम पाळीत आहोत याची कोणाला जाणीव नसते. ठरवून तो कोणी केलेला नाही आणि ठरवून तो कोणाला मोडताही आला नसता.

या शास्त्राची सुरुवात सांगताना कलकत्त्याचे नाव घ्यावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून १७८३ मध्ये येथे आलेल्या विल्यम जोन्स यांनी पुढच्याच वर्षी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, आणि २ फेब्रुवारी १७८६ रोजी तिच्यापुढे दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाने घडणारे नाही, असे प्रतिपादन केले. या विधानाचे दोन विशेष सहसा दुर्लक्षिले जातात. साम्याचा आधार म्हणून त्यांनी क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपे यांच्याकडे बोट दाखविले. तसेच या भाषांचा उगम अशा एका समान मूळ भाषेत असावा, जी आता कदाचित अस्तित्वात नाही, असे म्हटले. म्हणजे संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई नव्हे, बहीण. ‘संस्कृत ही सर्व भाषांची जननी’ असे सांगताना आपल्याकडे जोन्स यांचाच दाखला दिला जातो, याला काय म्हणावे!

जोन्स यांच्या आधी दोनशे तीन वर्षे, १५८३ मध्ये, गोव्यातून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात फादर थॉमस स्टीफन्स यांनी तेथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याची नोंद केली होती. पुढे ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे हेच स्टीफन्स. त्यांचा संबंध संस्कृत ग्रंथांशी नव्हे, तर लोकांच्या तोंडच्या कोकणी-मराठीशी आला होता, आणि त्यांनाही जाणवली ती रचना. जोन्स मात्र ज्या निकषाने संस्कृत आणि ग्रीक यांच्याबाबत अचूक ठरले, त्याच निकषाने देशी भाषांबाबत चकले. उत्तर हिंदुस्थानच्या बोलीतील सहापैकी पाच शब्द संस्कृतातून आलेले असले तरी तिची क्रियापदे आणि रूपे अगदी वेगळी असल्यामुळे तिचे मूळ निराळे असावे, असे त्यांना वाटले. तर्क सदोष नव्हता. त्यांच्यापुढे मधल्या पायऱ्या नव्हत्या. संस्कृतात ‘गतः’ आणि बोलीत ‘गया’ किंवा ‘गेला’, यांच्यामध्ये हजार-दीड हजार वर्षांची प्राकृते आणि अपभ्रंश उभे आहेत, हे पुढच्या शतकाने दाखविले.

त्या पायऱ्यांवर आपला ‘ल’ उभा आहे. संस्कृतातील ‘गत’ हे भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण. उच्चारात झिजून त्याचे ‘गअ’ झाले. एवढ्या क्षीण रूपाला आधार म्हणून प्राकृतात ‘इल्ल’, ‘अल्ल’ असा प्रत्यय जोडला जाऊ लागला. हा प्रत्यय मुळात काळाचा नव्हे, विशेषण बनविण्याचा. मराठीत त्याचे हे जुने काम आजही चालू आहे : पुढला, मागला, आतला, पहिला. ‘आतला माणूस’ आणि ‘गेला माणूस’ यांतील ‘ल’ एकाच कुळातला. हे एकदा ध्यानात आले की मराठी व्याकरणातील, परकी विद्यार्थ्याला अतिशय जाचणारी, एक गोष्ट उलगडते. मुलगा गेला, मुलगी गेली, मूल गेले, असे क्रियापदाने लिंग का बदलावे? कारण ते जन्माने विशेषण आहे. ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद रामाकडे पाठ फिरवून पोळीशी का जुळते? कारण खाल्लेली आहे ती पोळी. राम तृतीयेत उभा आहे.

बंगालीने हेच रूप घेतले आणि निराळ्या वाटेने नेले. तिने नामांचे व्याकरणिक लिंग टाकले. चर्यागीतांच्या जुन्या भाषेत क्वचित स्त्रीलिंगी क्रियारूपे भेटतात, आज ती नाहीत. लिंग गेल्यावर विशेषण म्हणून जुळण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा या रूपाला पुरुषवाचक प्रत्यय लागले : ‘आमि गेलाम’, ‘तुमि गेले’, ‘शे गॅलो’, जुन्या कलकत्त्याच्या बोलीत ‘गेलुम’ही. आणि ‘राम रुटि खेलो’ म्हणताना क्रियापद निमूटपणे रामाच्याच बाजूला राहते. एकाच बीजाची दोन झाडे पाहावयाची असतील तर याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. कर्तव्य दाखविणाऱ्या संस्कृत ‘तव्य’ प्रत्ययाचेही असेच झाले. त्यापासून मराठीत ‘त्याने जावे’ आले, त्यात अद्याप इच्छा आणि कर्तव्य आहे. बंगालीत ‘शे जाबे’ आले, आणि तो साधा भविष्यकाळ आहे. मराठीने भविष्यकाळासाठी ‘जाई’ या जुन्या वर्तमानरूपाला ‘ल’ जोडला : ‘जाईल’. हा ‘ल’ त्याच मूळचा की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते काही असले तरी ‘गेला’त भूतकाळ आणि ‘जाईल’मध्ये भविष्यकाळ सांगणारा हा ध्वनी स्वतः कोणत्याही काळाचा नाही, त्याचे मोल व्यवस्थेतील त्याच्या जागेवरून ठरते. सोंगटी लाकडाची की हस्तिदंताची याने डाव बदलत नाही.

हा ‘ल’ कधीपासून मराठीची खूण समजला जाई, याचा एक सुंदर पुरावा आहे. जालोर येथे इ.स. ७७९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथेत उद्द्योतनसूरीने बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांच्या बोलण्याचे नमुने दिले आहेत. मरहट्ट्यांच्या तोंडी त्याने दिलेले ‘दिले’, ‘घेतले’ या अर्थाचे दोन्ही शब्द ‘ल’युक्त आहेत. भाषाशास्त्र न शिकलेल्या, पण कान शाबूत असलेल्या त्या जैन साधूने शब्दांच्या गर्दीतून नेमका प्रत्यय टिपला.

एकोणिसाव्या शतकात या ‘ल’वर एक मोठी इमारत रचली गेली. कलकत्त्यात अध्यापन केलेले रुडॉल्फ हर्न्ले यांनी १८८० च्या आपल्या तौलनिक व्याकरणात आणि पुढे जॉर्ज ग्रियर्सन यांनी आर्यभाषांचे ‘अंतर्वर्ती’ आणि ‘बहिर्वर्ती’ असे दोन गट कल्पिले. मध्यदेशातील हिंदी आतली. मराठी, ओडिया, बंगाली, असमिया आदी भाषा बाहेरच्या वर्तुळातल्या. ‘ल’युक्त भूतकाळ हा या वर्तुळाचा एक प्रमुख आधार होता. एवढ्यावर हे थांबले असते तर तो केवळ व्याकरणाचा वाद राहिला असता. परंतु त्यातून आर्यांच्या दोन टोळ्या, दोन आगमने आणि पर्यायाने दोन रक्ते, अशी अनुमाने निघाली. प्रत्ययावरून वंशावर घेतलेली ही उडी त्या काळाला शोभणारी होती. ती आजही घेतली जाते, हे अधिक चिंताजनक.

तिला उत्तर कलकत्त्यातूनच मिळाले. सुनीतिकुमार चटर्जी यांचा बंगाली भाषेचा उगम आणि विकास यांवरील ग्रंथ १९२६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याचा आदर्श मराठीविषयीचा होता, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नसते. ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये निघाला होता. चटर्जी पॅरिसमध्ये ब्लॉक यांच्याजवळ शिकले होते, आणि एका अर्वाचीन आर्यभाषेचा इतिहास कसा लिहावा याचा वस्तुपाठ त्यांनी त्या ग्रंथातून घेतला. ब्लॉक यांचा ग्रंथ मराठीत वा. गो. परांजपे यांच्या अनुवादाने १९४१ मध्ये आला. ‘ल’बाबत चटर्जींनी दाखवून दिले की हा प्रत्यय प्राकृतात सर्वदूर होता, गुजरातीतही ‘करेलुं’ अशा धातुसाधितांत तो आहेच. काही भाषांनी त्याला भूतकाळाचे पूर्ण काम दिले, काहींनी दिले नाही. सामाईक अडगळीतून दोन भावांनी एकच वस्तू उचलली, याचा अर्थ बाकीचे भाऊ सावत्र असा होत नाही. चर्यागीतांची भाषा ठरवितानाही त्यांनी शब्दांपेक्षा ‘इल’, ‘इब’, षष्ठीचा ‘एर’ अशा रूपांवर भर दिला. वाद अर्थात संपलेला नाही. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात ‘बहिर्वर्ती’ भाषांची कल्पना नव्या पुराव्यांनिशी पुन्हा मांडली. शास्त्रात असे होणे हे प्रकृतीचेच लक्षण आहे.

येथे कलकत्त्याच्या मराठीविषयक आणखी एका कामाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात विल्यम कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) श्रीरामपूर येथे छापला. व्याकरणातील मराठी देवनागरीत आहे, कोशातील मोडीत. लिपी बदलली, भाषा बदलली नाही. लिपी हा भाषेचा वेष, आणि तोही पुष्कळदा बेतलेला नसतो. ‘जग’ असे लिहिल्यावर ते तालव्य ‘ज’चे विश्व आहे की दंततालव्य ‘ज’ची आज्ञा आहे, हे देवनागरी सांगू शकत नाही, मराठी माणूस मात्र बोलताना कधीही चुकत नाही. बंगाली लेखनात श, ष, स हे तिन्ही आहेत, तर उच्चारात ते बहुधा एकाच ‘श’मध्ये विलीन झालेले. भाषेचे खरे घर तोंड आणि कान हेच; कागदावर उतरते ती तिची नोंद.

हा भेद मान्य केला की वयाच्या प्रश्नाचे स्वरूप बदलते. मराठीचे वय म्हणून जे सांगितले जाते ते तिच्या उपलब्ध नोंदींचे वय असते : अक्षीचा १०१२ चा शिलालेख, त्यामागे ‘कुवलयमाला’, त्याहून मागे महाराष्ट्री प्राकृत. पण महाराष्ट्री बोलणाऱ्या कोणत्या आईने कोणत्या दिवशी आपल्या मुलाशी मराठी बोलण्यास सुरुवात केली, असा दिवस नाही. प्रत्येक पिढीला आपण आईवडिलांचीच भाषा बोलतो असे वाटत आले आहे, आणि ते खरेही आहे. त्यामुळे एकाच दिवशी मराठी आणि प्राकृत या दोन स्वतंत्र भाषा म्हणून गौरविल्या गेल्या, यात प्रशासनाची सोय असली तरी भाषावैज्ञानिक दृष्ट्या ती एकाच नदीच्या दोन घाटांना दिलेली दोन मानपत्रे आहेत. नोंद नसलेली कातकरी किंवा कोलामी ही भाषासुद्धा मराठीइतक्याच अखंड परंपरेने आजच्या मुलाच्या तोंडी पोहोचली आहे.

आणि ती रक्ताने पोहोचत नाही. सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांचा जन्म देवघरजवळच्या कारों गावी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यात झाला. बोलण्याची क्षमता त्यांना सर्व माणसांप्रमाणे जन्मतःच मिळाली होती. कोणती भाषा, हे भोवतालाने ठरविले. घरात मराठी होती, अंगणापलीकडे बंगाली. कलकत्त्याच्या ‘हितवादी’चे संपादन त्यांनी केले, बाजीरावासंबंधी लिहिले ते बंगालीत, आणि १९०४ मध्ये निघालेला त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ वंगभंगाच्या चळवळीत इतका वाचला गेला की १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बर्गींच्या मुलखातून आलेल्या कुळातील हा माणूस घरात ‘गेला’, ‘गेली’ म्हणे आणि दाराबाहेर पडताच सर्वांना एकच ‘गॅलो’ लावी.